आद्रियानो कुणाचं काही देणं लागत नाही

शाळेतल्या मित्रांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर वाढदिवसाचे केक, लग्नाच्या पत्रिका आणि राजकारणावरची भांडणं एवढंच चालतं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यावर एक व्हिडिओ आला. रिओ दि जानेरोतल्या एका वस्तीत एक धिप्पाड माणूस अनवाणी, झोकांड्या खात चाललाय आणि कुणीतरी मोबाईलवर ते शूट केलंय. खाली मित्राने लिहिलं होतं, 'ओळखा बघू कोण?'

दोन मिनिटांत उत्तर आलं. आद्रियानो. मग एकामागून एक रडक्या इमोजी आल्या, आणि मग ते वाक्य : 'वाया गेला रे.'

मीही तेच टाइप केलं आणि पाठवलं. त्यावर चार जणांनी अंगठे दिले.

हा लेख म्हणजे तो मेसेज मागे घेण्याची धडपड आहे. 'डिलीट फॉर एव्हरीवन'ची मुदत कधीच टळून गेली, म्हणून इथं लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे : आद्रियानो वाया गेलेला नाही, आणि 'वाया गेला' असं म्हणण्याचा हक्क मला, तुम्हाला किंवा यूट्यूबवर 'काय होता, काय झाला' असे थंबनेल लावणाऱ्यांना कुणी दिलेला नाही.

*

आधी आमचं त्याच्याशी नातं काय होतं ते सांगतो. २००६ साली मी नववीत होतो. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठापेठांची आणि तालमींची चुरस. विश्वचषक आला की गल्लीच्या एका अंगाला ब्राझीलचे झेंडे, दुसऱ्या अंगाला अर्जेंटिनाचे. आमचं घर ब्राझीलच्या अंगाला होतं. त्या वर्षी एका मित्राकडे कॉम्प्युटरवर 'प्रो इव्होल्यूशन सॉकर ६' हा गेम आला आणि आम्हाला आद्रियानो सापडला. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला गुण असतात. आद्रियानोची शॉट पॉवर होती ९९. अर्ध्या मैदानातून बटण दाबून धरायचं आणि सोडायचं. गोलकीपर हवेत, बॉल जाळीत. इंटर मिलान कुणी घ्यायची यावरून आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या. शेवटी नियमच केला : आद्रियानो घेतला तर गोल धरायचा नाही.

गेममधला आद्रियानो थकायचा नाही. त्याला बाप नव्हता, आई नव्हती, नाताळच्या रात्री कुणाची आठवण यायची नाही. आम्हाला ठाऊक होता तो एवढाच. पुढे खरा माणूस त्या ९९ आकड्याप्रमाणे वागेना तेव्हा आम्ही गेम बिघडल्यासारखे चिडलो. आमचा राग समजून घ्यायचा असेल तर मला वाटतं इथून सुरुवात करावी लागते.

*

आता खरा माणूस.

आद्रियानो लेइत रिबेरो. जन्म १७ फेब्रुवारी १९८२. गाव रिओ, पण समुद्रकिनाऱ्याचं, पोस्टकार्डवरचं रिओ नव्हे. शहराच्या उत्तर भागात पेन्हाच्या टेकड्यांवर विला क्रुझेरो नावाची वस्ती आहे. ब्राझीलमध्ये अशा वस्तीला फावेला म्हणतात. विटांची उघडी घरं, एकमेकांच्या अंगावर चढलेले मजले, अरुंद जिने, आणि अमली पदार्थांच्या टोळ्या व पोलीस यांच्यामधला गोळीबार.

वडील अल्मिर. वस्तीत त्यांना मिरिन्यो म्हणायचे. हा माणूस वस्तीतल्या पोरांची फुटबॉल टीम चालवायचा. दारूचा त्याला तिटकारा होता. आद्रियानोने स्वतः सांगितलंय की चौदाव्या वर्षी पहिल्यांदा बिअरचा पेला हातात धरला तेव्हा बापाने तो हिसकावून फेकून दिला होता.

आद्रियानो दहा वर्षांचा असताना एका पार्टीत गोळीबार झाला आणि एक भरकटलेली गोळी मिरिन्योच्या डोक्यात शिरली. तो वाचला, पण गोळी काढता आली नाही. ती डोक्यात घेऊनच तो पुढची बारा वर्षं जगला. त्याला झटके यायचे. घरातल्या दहा वर्षांच्या पोराने ते बघितले. त्याच काळात तो फ्लामेंगो क्लबच्या लहान मुलांच्या संघात खेळत होता आणि आजी त्याला बसने सरावाला नेत होती, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

२००० साली, अठराव्या वर्षी, तो फ्लामेंगोच्या मोठ्या संघात आला. २००१ च्या ऑगस्टमध्ये इंटर मिलानसाठी रेआल माद्रिदविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, एका मैत्रीपूर्ण सामन्यात बदली म्हणून उतरला आणि डाव्या पायाने अशी फ्री किक मारली की ती आजही रील्समध्ये फिरते. वय एकोणीस. आधी फियोरेंतिना, मग पार्मा, आणि २००४ च्या जानेवारीत पुन्हा इंटर. लोक त्याला 'सम्राट' म्हणू लागले. रोनाल्डोचा वारस मिळाला, असं सगळीकडे छापून आलं.

'वारस' हा शब्दही बघा. वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याच्या नावावर एक अख्खं भविष्य लिहून टाकलं गेलं आणि त्याला विचारलंसुद्धा नाही. पुढे ज्या कर्जाची वसुली झाली त्याचे कागद इथे तयार झाले.

*

२५ जुलै २००४. पेरूची राजधानी लिमा. कोपा अमेरिकाची फायनल, ब्राझील विरुद्ध अर्जेंटिना. अर्जेंटिना २-१ ने पुढे. नव्वद मिनिटं संपलेली, वरच्या वेळेतलं तिसरं मिनिट. पेटीत चेंडू उडाला, खाली आला, आणि आद्रियानोने अंग वळवून डाव्या पायाने हाणला. बरोबरी. पुढे पेनल्टीवर ब्राझील जिंकलं. स्पर्धेत सर्वाधिक ७ गोल त्याचेच.

यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला ब्राझीलहून फोन आला. वडील गेले. हृदयविकाराचा झटका.

इंटरचा कर्णधार हाविएर झानेत्ती तेव्हा तिथे होता. त्याने नंतर सांगितलंय की आद्रियानोने फोन फेकून दिला आणि तो किंचाळू लागला, आणि त्या फोननंतर काहीच पूर्वीसारखं राहिलं नाही. क्लबचे मालक मोराती आणि झानेत्ती यांनी त्याला धाकट्या भावासारखं जपायचं ठरवलं. तरीही त्याला नैराश्यातून बाहेर काढता आलं नाही. झानेत्तीने याला मैदानावरचा आपला सर्वात मोठा पराभव म्हटलंय. हा माणूस पाच वेळा इटलीचा विजेता आणि एकदा युरोपचा विजेता झालाय, अर्जेंटिनासाठी शंभराहून जास्त सामने खेळलाय, आणि त्याला सर्वात मोठा पराभव विचारला तर एका सहकाऱ्याचं दुःख आठवतं. आम्हाला मात्र त्याच दुःखाचा मीम आठवतो.

गोष्ट सांगणारे इथे नेहमी एक लबाडी करतात. 'वडील गेले आणि तो संपला', असं एका वाक्यात उरकतात. तसं झालं नाही. वडील गेल्यावर जवळजवळ वर्षभर तो तुफान खेळला. २००५ च्या मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोविरुद्ध हॅटट्रिक केली. त्याच वर्षी जूनमध्ये कॉन्फेडरेशन्स कपच्या फायनलला पुन्हा अर्जेंटिना समोर आली. ब्राझील ४-१ ने जिंकलं, त्यातले २ गोल त्याचे. स्पर्धेत सर्वाधिक ५ गोल आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मानही त्याचाच. गोल केला की आकाशाकडे बोट दाखवायचा.

म्हणजे एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, ज्याच्या घरचा कर्ता माणूस गेलाय, हजारो किलोमीटर लांब, परक्या भाषेत, आठवड्याला दोन सामने खेळत होता आणि जिंकून देत होता. तेव्हा कुणीही म्हटलं नाही की बाबा, जरा थांब, घरी जाऊन ये. आपल्याकडे घरात माणूस गेलं तर तेरा दिवस दाराबाहेर चपला दिसतात, शेजारी पिठलं-भात आणून देतात. त्याच्या वाट्याला प्री-सीझनचं वेळापत्रक आलं.

*

मग तो ढासळू लागला. वजन वाढलं, सराव चुकू लागले, रात्री पार्ट्या. त्याने स्वतः नंतर सांगितलं की फक्त पिऊन असताना बरं वाटायचं, दिसेल ते प्यायचो, सरावालाही पिऊन जायचो. क्लब त्याला तिथेच झोपवून ठेवायचा आणि पत्रकारांना स्नायूंचं दुखणं सांगायचा. जगाला खोटं कारण सांगावं लागलं, कारण खरं कारण ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

इटलीत एक 'पुरस्कार' होता. सरकारी रेडिओवरच्या एका कार्यक्रमाचे श्रोते मतदान करून इटालियन लीगमधला वर्षातला सर्वात फसलेला खेळाडू निवडायचे. नाव 'बिदोने दोरो', म्हणजे सोन्याचा कचऱ्याचा डबा. २००६ साली हा मान आद्रियानोला मिळाला. २००७ सालीही त्यालाच, आणि २०१० साली तिसऱ्यांदा. तीनदा हा डबा मिळवणारा तोच.

विनोद म्हणून सोडून द्या, असं कुणी म्हणेल. मी २००७ सालची बातमी वाचून हसलो होतो, हे मला आठवतं. पंधरा वर्षांचा होतो, ही सबब मी स्वतःला देऊ शकतो. पण ज्यांनी मतं दिली ती मोठी माणसं होती. वडील गेल्यापासून दारूत बुडत चाललेल्या माणसाला एका देशाने हसत हसत कचरापेटी दिली आणि वरून 'याने स्वतःचं वाटोळं केलं' असंही म्हटलं.

*

आता तो प्रसंग, ज्यासाठी त्याला सर्वात जास्त शिव्या पडल्या.

२००९ च्या एप्रिलमध्ये ब्राझीलच्या संघासोबतची पात्रता फेरी आटोपून तो मिलानला परतलाच नाही. तीन दिवस कुठे आहे ते कळेना. अफवा उठल्या. अपहरण झालं, इथपर्यंत मजल गेली. प्रत्यक्षात तो विला क्रुझेरोत होता. लहानपणच्या मित्रांमध्ये, हाफ पँट आणि चपलांवर. वस्तीला माहीत होतं, वस्तीने तोंड उघडलं नाही. त्यानंतर त्याने जाहीर केलं की खेळण्यातला आनंद संपलाय, काही काळ थांबतोय. महिनाअखेर इंटरने आणि त्याने संमतीने करार संपवला.

सत्तावीस वर्षांचा स्ट्रायकर युरोपातला पगार सोडून झोपडपट्टीत परत गेला. सगळ्या जगाने निदान केलं : वेडा झाला.

आणि आता ऐका पुढे काय झालं ते, कारण 'वाया' वाल्यांच्या व्हिडिओत हा भाग दहा सेकंदांत उरकतात. मे महिन्यात तो फ्लामेंगोत परत आला. त्याच वर्षी ब्राझीलच्या राष्ट्रीय लीगमध्ये १९ गोल केले आणि सर्वाधिक गोलांच्या यादीत संयुक्तपणे पहिला आला. फ्लामेंगो १९९२ नंतर, म्हणजे १७ वर्षांनी, विजेता झाला. घरापासून बसने जाता येईल अशा मैदानावर, लहानपणीच्या क्लबसाठी, आजीच्या शहरात.

ज्याला तुम्ही पळून जाणं म्हणालात, त्याने तो माणूस पुन्हा उभा राहिला. मग २०१० साली पुन्हा इटलीला गेला, रोमाकडे. एकही गोल नाही. काही महिन्यांत करार संपला. २०११ साली कोरिंथियान्समध्ये टाचेवरची शीर तुटली. त्या पायावरही त्याने नोव्हेंबरमध्ये अत्लेतिको मिनेइरोविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गोल करून संघाला विजेतेपदाच्या दारात नेलं. त्यानंतर शरीराने साथ दिली नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि संपलं. ब्राझीलसाठी २७ गोल, दोन मोठ्या स्पर्धांत सर्वाधिक गोल, दोन देशांत लीग विजेतेपदं. याला आपण 'वाया' म्हणतो. आपल्यापैकी कुणाच्या बायोडेटात यातली एक ओळ आहे?

*

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो. ते हलके नाहीत.

पहिला : त्याने करोडो रुपये घेतले होते, करार होता, मग खेळायला नको? बरोबर आहे. करार असेल तर काम करायला हवं. सराव चुकवला तर दंड करा, संघातून काढा, करार संपवा. हे सगळं झालंच, आणि हिशेब तिथे मिटला. इंटरचं आणि त्याचं जे काही देणं-घेणं होतं ते २००९ साली दोघांनी सह्या करून संपवलं. पण कोल्हापुरात बसून फुकट गेम खेळलेल्या माझं त्याने काय घेतलं होतं? मी कुठल्या करारावर सही केली होती?

दुसरा : लाखो पोरं त्या जागेसाठी जीव टाकतात आणि याने ती लाथाडली. हा मुद्दा ऐकायला न्यायाचा वाटतो. पण त्या लाखो पोरांची आपल्याला खरंच काळजी असते का? ८ फेब्रुवारी २०१९ ची पहाट. फ्लामेंगोचंच, आद्रियानोच्याच क्लबचं प्रशिक्षण केंद्र. तिथे शिकणारी मुलं कंटेनरसारख्या खोल्यांमध्ये झोपली होती. आग लागली. १४ ते १६ वर्षांची १० मुलं गेली. त्यांची नावं माझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी आली नाहीत. 'वाया' हा शब्द वापरायचाच असेल तर तिथे वापरा, आणि त्याचा कर्ता कोण तेही सांगा. ती मुलं वाया गेली नाहीत, त्यांना घालवलं गेलं.

तिसरा मुद्दा सर्वात जड आहे : तू दारूचं कौतुक करतोयस. वस्तीत पीत बसलेल्या माणसाला 'मुक्त' वगैरे ठरवणं ही सुखवस्तू माणसाची चैन आहे.

याचं उत्तर नीट द्यायला हवं. मी त्याला मुक्त म्हणत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्येच, तो व्हिडिओ फिरत होता त्याच सुमारास, 'द प्लेअर्स ट्रिब्यून'वर त्याने आपल्या वस्तीबद्दल एक मोठा लेख लिहिला. त्यात तो दारू लपवत नाही. दिवसाआड पितो, आणि मधल्या दिवशीही पितो, असं सांगतो. मिलानमधल्या एका नाताळच्या रात्री घरी फोन केला, मागे सगळ्यांचा गलबला ऐकू आला, मग एकट्याने व्होडकाची बाटली संपवली, हेही सांगतो. हा आजार आहे. आजार कौतुकाचा नसतो. पण टायफॉइड झालेल्याला आपण 'वाया गेला' म्हणत नाही. मधुमेह झालेल्या काकांचा व्हिडिओ काढून त्यावर रडकं संगीत लावत नाही. दारूच्या बाबतीत मात्र आपण डॉक्टर होण्याऐवजी न्यायाधीश होतो.

आणि फावेला म्हणजे स्वर्ग, असंही मी म्हणत नाही. याच विला क्रुझेरोत २००२ साली तिम लोपेस या पत्रकाराला टोळीने पकडलं आणि नंतर मारून टाकलं. २०२२ च्या मे महिन्यात इथे पोलिसांच्या एका कारवाईत वीसहून अधिक माणसं मेली. मिरिन्योच्या डोक्यातली गोळीही याच जगातून आलेली. आद्रियानोला हे माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरीही तो तिथे जातो, कारण तिथे तो 'सम्राट' नसतो, मिरिन्योचा पोरगा असतो. ज्या गल्लीत बाप चालला त्या गल्लीत बसावंसं वाटणं, ही इतकी न समजण्यासारखी गोष्ट आहे का?

*

'वाया' हा आपल्या भाषेतला शब्द जरा हातात घेऊन बघा. नळ उघडा राहिला की पाणी वाया जातं. फ्रीजबाहेर राहिलं की दूध वाया जातं. आणि घरच्यांच्या मनासारखं वागलं नाही की पोरगं वाया जातं. पाणी आणि दूध कुणाच्या तरी वापरासाठी असतं, म्हणून ते वाया जाऊ शकतं. पोराबद्दल तोच शब्द वापरताना आपण गृहीत धरतो की तेही कुणाच्या तरी वापरासाठीच आहे.

हे आपल्याकडे रोज चालतं. ३ डिसेंबर २०२४ ला, आद्रियानोच्या त्या व्हिडिओनंतर काही आठवड्यांतच, शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. त्यातली विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांच्या भेटीची क्लिप तुम्ही पाहिली असेल. मी पाहिली, आणि खालच्या कमेंट्सही वाचल्या. शब्द तोच. कांबळीच्या १७ कसोटी, ५४ ची सरासरी, लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतकं. हे सगळं तेविसाव्या वर्षापर्यंत करून झालेलं. त्याच्या आयुष्याबद्दल मी निवाडा देणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी फक्त कमेंट्सबद्दल बोलतोय. मित्राचा हात हातात धरून बसलेल्या एका माणसाकडे बघून हजारो लोकांना पहिली गोष्ट सुचली ती म्हणजे हिशेब.

आणि आता माझं स्वतःचं सांगतो, कारण ते न सांगता हा लेख लिहिणं खोटेपणाचं होईल.

माझा एक मावसभाऊ आहे. आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. आमच्या घराण्यात पहिल्यांदा इंजिनिअरिंगला गेलेला तो. पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी थोडे थोडे पैसे काढले होते. तिसऱ्या वर्षाला असताना काका अचानक गेले. दिवसकार्य उरकून दादा परत गेला, दोन महिने राहिला, आणि एक दिवस ट्रंक घेऊन गावी आला. परत गेला नाही. आज गावात त्याची पिठाची गिरण आहे, चार म्हशी आहेत.

आमच्या घरी त्याचं नाव निघालं की पुढचे शब्द ठरलेले असायचे. एवढा हुशार, पण वाया गेला. मी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला मत वाटायचंच नाही, माहिती वाटायची. बहिणीच्या लग्नात रात्री जेवणं उरकून आम्ही मांडवात बसलो होतो. मी नुकताच नोकरीला लागलेलो, अंगात वारं होतं. मी म्हटलं, "दादा, तू उगाच वाया घालवलंस सगळं."

तो चिडला नाही. बिडी विझवली आणि म्हणाला, "तुझं किती गेलं त्यात? सांग, भरून देतो."

मी गप्प. मग थोड्या वेळाने तो आपणहून म्हणाला, "तिथं रात्री झोप लागत नव्हती रे. बा गेल्यापासनं. इथं लागली." एवढंच. त्यानंतर तो उठून खुर्च्या आवरायला गेला.

नातेवाइकांचे पैसे त्याने कधीच परत केले होते, हे मला आईकडून खूप नंतर कळलं. म्हणजे त्याच्या हिशेबात खरोखरच कुणाचं काही राहिलं नव्हतं. तरी आम्ही वसुली चालूच ठेवली होती.

आद्रियानोची गोष्ट आणि दादाची गोष्ट एक नाही, हे मला कळतं. एकाने जग पाहिलं, दुसऱ्याने पुणे. एकाला दारूने गाठलं, दुसरा वर्षातून एकदा देवीच्या जत्रेला घेतो. पण दोघांचा बाप गेला, दोघांना झोप हवी होती, आणि दोघांना ती घरी मिळाली. आम्ही दोघांनाही एकाच शब्दात बसवलं.

*

१५ डिसेंबर २०२४ ला मारकाना मैदानावर आद्रियानोचा निरोपाचा सामना झाला. फ्लामेंगोचे जुने खेळाडू एका बाजूला, इटलीतले जुने मित्र दुसऱ्या बाजूला. पोट सुटलेले, केस गेलेले, धापा टाकणारे लोक. आणि हजारो प्रेक्षक. ती माणसं काही वसुलीला आली नव्हती.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता विशी-पंचविशीत असाल. कुणी कोटाहून परत आला असेल, कुणी परदेशातून, कुणी एमपीएससीचा पाचवा प्रयत्न सोडून घरी बसला असेल. तुमच्याबद्दलही कुठल्या तरी ग्रुपवर, कुठल्या तरी मांडवात हे वाक्य उच्चारलं गेलं असेल. समोर कुणी म्हणालं तर दादाचं उत्तर वापरा, त्याची काही हरकत नसणार. ज्यांचे पैसे घेतले असतील त्यांचे नक्की परत करा. पण स्वतःच्या आयुष्याचं देणं कुणाच्या नावावर लिहून देऊ नका.

आणि पुन्हा कधी तुमच्या फोनवर कुण्या अनवाणी, झोकांड्या खाणाऱ्या माणसाचा व्हिडिओ आला तर फॉरवर्ड करू नका. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ अजून आहे. त्याखाली माझा मेसेज, त्यावर चार अंगठे. हा लेख छापून आला की त्याची लिंक मी तिथेच टाकणार आहे. दादा त्या ग्रुपवर नाही, त्याला वेगळी पाठवीन. तो वाचेल की नाही माहीत नाही. सकाळी गिरणीवर गर्दी असते.